काळ्या मुसळीचं नाव, कुळ आणि गाव : नवख्यांसाठी

मृग लागला की दरवर्षी दोन-चार जणांचे मेसेज येतातच, दादा आम्हाला पण रानफुलं ओळखायला शिकायचंय, सुरुवात कुठनं करू. त्यांना वाटतं मी कासला जा म्हणणार. मी म्हणतो कास राहू दे, तिथं फुलं तुमच्याकडं बघतच उभी असतात, फोटो लई निघतात आणि शिकणं काहीच होत नाही. त्यापेक्षा पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला झाडीत जा, कोल्हापुरातनं वीस किलोमीटर, आणि काळी मुसळी शोधून काढा. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान पिवळं फूल, जमिनीला चिकटून, वरनं गेलात तर चपलेखाली जाईल असं. हे एक झाड नीट कळलं की वर्गीकरण म्हणजे काय आणि 'कुठं सापडतं' या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं हे दोन्ही हाताला लागतं, म्हणून मी सगळ्यांना हिच्यापासनंच सुरू करायला लावतो.

आधी वेळ आणि जागा

वळीव होऊन गेला, मृगाचे दोन-तीन बरे पाऊस झाले की जमिनीतनं पानं वर येतात आणि त्यांच्याबरोबरच फुलं पण. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै अखेर, हा सगळ्यात चांगला काळ, पुढं ऑगस्टमध्ये पण चुकार फुलं मिळतात. उन्हाळ्यात गेलात तर काही दिसणार नाही कारण पानं वाळून गेलेली असतात, झाड जमिनीखाली झोपलेलं असतंय.

जागा म्हणाल तर झाडाखालची अर्धी सावली. पालापाचोळा पडलाय, माती ओलसर आहे पण पाणी साचत नाही, वर जांभूळ, हिरडा, अंजनी असलं काहीतरी आहे, अशा ठिकाणी पायवाटेच्या कडेकडेनं बघत जायचं. उघड्या जांभ्याच्या सड्यावर शोधत बसू नका, ते वेगळं जग आहे. देवराईत जायचं असेल तर गावात विचारून जावा आणि चपला बाहेर काढा, गावकऱ्यांनी एवढी वर्षं जपलंय म्हणून ते रान उरलंय. राधानगरी अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते आणि तिथं पान तोडणं पण कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बरोबर काय घ्यायचं? सहा इंची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते आणि घरी आल्यावर स्वतःचंच अक्षर लागत नाही. दाजीपूर किंवा गगनबावड्याकडं जाणार असाल तर जळवांसाठी तंबाखूची पुडी ठेवा, खाण्यासाठी नव्हे, मोज्यावर चोळायला.

मग बसा, आणि पान बघा

बसा म्हणजे खरंच खाली बसा. उभ्यानं काळी मुसळी ओळखता येत नाही. मी स्वतः दोन पावसाळे हिला 'शिंदीचं रोप' म्हणून वहीत लिहीत होतो, कारण पान अगदी तसंच दिसतं, शिंदीच्या कोवळ्या रोपाला पण सुरुवातीला असंच सरळ, उभ्या घड्या पडलेलं पान असतंय. तिसऱ्या वर्षी त्या 'शिंदी'ला पिवळं फूल आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. नंतर कळलं की ही चूक हजारो वर्षांपासनं लोकांच्या डोळ्यांना होतीय, संस्कृतात हिचं नाव तालमूली, ताल म्हणजे ताड, आणि मल्याळममध्ये निलप्पना म्हणजे जमिनीवरचा ताड. त्यामुळं आता एवढं वाईट वाटत नाही.

फरक असा ओळखायचा. मुसळीचं पान मऊ असतं, पन्हळी पत्र्यासारख्या उभ्या घड्या असतात पण बोटानं दाबलं तर सहज वाकतं, आणि भिंगातनं बघितलं तर विरळ पांढरी लव दिसते. शिंदीचं पान ताठ आणि गुळगुळीत. पानाची लांबी वीतभर ते दीड-दोन वीत, रुंदी बोटभर, सगळी पानं जमिनीतनंच एका ठिकाणाहून फुटल्यासारखी. गवताशी घोळ होत असेल तर खोड बघा, गवताला पेरं असतात, लव्हाळ्याचा दांडा दोन बोटांत फिरवला की तिकोनी लागतो, मुसळीला यातलं काहीच नाही कारण जमिनीच्या वर तिला खोडच नाही.

अजून एक गंमत. पानाचं टोक वाकून ओल्या मातीला टेकलं तर कधी कधी त्या टोकालाच मुळं फुटतात आणि तिथं नवीन रोप तयार होतं. त्यामुळं एका झाडाच्या भोवती चार-पाच बारकी दिसली तर ती बियांपासनं आलेलीच असतील असं गृहीत धरू नका, आणि मोजताना वहीत तसं लिहा.

फुलात तीनचा पाढा

फूल चांदणीसारखं, सहा पिवळ्या पाकळ्या. पाकळ्या म्हणतोय खरं, पण गुलाबाला जशा हिरव्या निदलाच्या पाकळ्या वेगळ्या आणि रंगीत वेगळ्या असतात तसं इथं नाही, तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या जवळपास सारख्याच, बाहेरच्यांच्या पाठीवर लव. पुंकेसर मोजा, तेही सहा. तीनच्या पटीत आकडे आणि पानाच्या शिरा समांतर, म्हणजे एकदल वनस्पती, ज्वारी, केळ, कांदा यांच्यातली. एवढं कळलं तरी जगातल्या बहुतांश फुलझाडांना तुम्ही एका झटक्यात बाजूला सारलं.

एकच फूल बघून उठू नका. एका झाडावर खालची फुलं नर-मादी दोन्ही असलेली आणि वरची नुसती नर, असा प्रकार हिच्यात असतोय. नेमकं वरचं फूल बघून 'मादी भाग नाही' असं लिहिलंत तर पुढचं सगळं गणित चुकणार.

आता खरी मेख, अंडाशय कुठाय?

अंडाशय म्हणजे फुलाचा तो भाग, ज्याचं पुढं फळ होतं. इथं जरा वेळ घालवू, कारण वर्गीकरणाचं अर्धं भांडण याच एका प्रश्नावर आहे आणि बहुतेक नवखे हाच प्रश्न सोडून देतात. फुलाचा रंग बघतात, पाकळ्या मोजतात, आणि फळ कुठनं येणार हे बघतच नाहीत.

घरातनं सुरू करा. टोमॅटो हातात घ्या. देठाजवळ हिरवी चांदणी असते, ती फुलाची निदलं, आणि फळ त्या चांदणीच्या वर वाढलेलं. म्हणजे अंडाशय फुलाच्या आत, वरच्या बाजूला होतं, याला ऊर्ध्वस्थ म्हणतात. आता कोवळी काकडी घ्या. देठ एका टोकाला आणि वाळलेलं फूल दुसऱ्या टोकाला. म्हणजे काकडी फुलाच्या खाली वाढली, अंडाशय अधःस्थ. पेरूच्या बुडाला जो मुकुट असतो तोही त्याचाच पुरावा. मंडईत पंधरा मिनिटं फिरलात तर हा धडा पाठ होतो आणि भाजीवाल्या मावशी पण तुमच्याकडं संशयानं बघायला लागतात, ते चालायचंच.

आता मुसळीकडं या. फुलाखाली एक बारीक लवदार दांडी दिसते, सगळ्यांना वाटतं हाच देठ. तो देठ नाहीच. ती अंडाशयाची वर निघालेली लांब मान आहे, आणि खुद्द अंडाशय खाली पानांच्या बुडख्यात, मातीच्या पातळीच्या खाली लपलेलं आहे. म्हणजे काकडीचा नियमच, फक्त काकडी आणि फुलाच्या मध्ये लांब नळी आणि काकडी जमिनीत पुरलेली. मला पहिल्यांदा हे कुणीतरी दाखवलं तेव्हा मी पाचोळ्यात बसून नुसता हसत होतो.

बघायचं असेल तर झाड उपटायचं नाही. एकाच झाडाजवळचा पाचोळा बाजूला करा, बोटानं इंचभर माती हलकेच सरकवा, पानांच्या म्यानात फुगीर भाग दिसेल, फोटो काढा, माती परत जशीच्या तशी लावा. एका जागेवर एकच झाड असलं तर तेही करू नका, पुढं चला.

मुळासाठी तर अजिबात खणू नका. खाली सरळ उभा, मुसळासारखा कंद असतो, म्हणून तर मुसळी, बाहेरनं काळपट आणि आतनं पांढरट. औषधासाठी याला मागणी आहे, आणि कंदच काढून नेला तर झाडाचं मागं काय उरणार सांगा. मी एकदा उत्सुकतेपोटी एका दुकानातनं 'काळी मुसळी' घेतली होती, घरी येऊन बघतो तर नुसते वाळके तुकडे, त्यावरनं ते नेमकं काय आहे हे सांगणं मला तरी जमलं नाही. खायचं-प्यायचं काय ते वैद्यांना विचारा, आपला विषय ओळखायचा आहे.

नावाची पायरी

मराठी नाव कळलं की काम संपलं असं नाही, उलट घोळ तिथनंच सुरू होतो. काळी मुसळी एक आणि पांढरी किंवा सफेद मुसळी दुसरीच. आपण पहिल्या पावसात जी फोडशीची भाजी खातो, कोण कुलूची भाजी म्हणतं, ती या पांढऱ्या मुसळीची जवळची नातेवाईक, दोघींचा जीनस, म्हणजे जवळच्या झाडांचा गट, एकच, क्लोरोफायटम. तिला पांढरी फुलं दांड्यावर येतात आणि अंडाशय फुलाच्या आत, टोमॅटोसारखं. बाजारात जी सफेद मुसळी गाजली तिचं शास्त्रीय नावच क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, मुंबईच्या बोरिवलीवरनं, आणि हे नाव १९५४ सालचं, सांतापाव आणि फर्नांडिस यांनी दिलेलं. आडनाव एक म्हणून भाऊ होत नाहीत, तसंच मुसळी-मुसळीचं.

जाता जाता, आपल्या पुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पिशीज, पण पेपरात 'दुर्मीळ प्रजाती सापडली' म्हणतात तेव्हा त्यांना स्पिशीज म्हणायचं असतं. या भानगडीत मी सरळ जीनस आणि स्पिशीज हेच शब्द वापरतो, तुम्ही पण वहीत तेच वापरा.

काळ्या मुसळीचं शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस, आणि पुढं गेर्टनर असं लिहितात. पहिला शब्द जीनस, दुसरा शब्द जोडला की स्पिशीज, तिसरा ज्यानं नाव दिलं त्याचा. योझेफ गेर्टनर हा जर्मन माणूस, याचा सगळा जीव फळं आणि बियांत, आणि १७८८ मध्ये त्यानं हे नाव छापलं. कर्क्युलिओ म्हणजे लॅटिनमध्ये धान्यातला सोंडकिडा, तोच जो आपल्या तांदळाच्या डब्यात सापडतो. काळ्या मुसळीचं बी काळं, त्यावर नागमोडी खाचा आणि एका बाजूला चोच. भिंगाखाली धरा, सोंडकिड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. म्हणजे जे फळ मातीत लपलेलं असतं त्याच्या आतल्या बीवरनं या झाडाचं नाव पडलंय, फुलाचा त्यात काही संबंध नाही. ऑर्किऑइडिस म्हणजे ऑर्किडसारखी, म्हणजे आमरीसारखी. हे लक्षात ठेवा, याचं पुढं काम आहे.

गेर्टनरच्या आधी शंभरएक वर्षं डच लोकांनी केरळात हिचं चित्र काढून 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या झाडांवरच्या ग्रंथात छापलं होतं, ते बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. पण दोन शब्दांच्या नावाची पद्धत वनस्पतींसाठी धरतात ती लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५३ च्या ग्रंथापासनं, त्याआधीची नावं हिशेबात येत नाहीत. म्हणून झाड आधी माहीत असूनही नाव गेर्टनरचं.

कुळ बदललं म्हणजे काय झालं?

जुनी पुस्तकं चाळलीत तर हीच काळी मुसळी ॲमॅरिलिडेसी कुळात सापडेल, म्हणजे नागदवण्याच्या घरात. नवीन याद्यांत कुळ हायपॉक्सिडेसी. नवखा इथं गोंधळतो आणि एक पुस्तक चुकीचं आहे असं ठरवून टाकतो. चूक कुणाचीच नाही. आधीच्या लोकांनी सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि अधःस्थ अंडाशय एवढं जमलं की एका घरात घातलं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१४ मध्येच हा गट वेगळा काढून दाखवला होता, पण सगळ्यांनी ऐकलं नाही. पुढं डीएनए वाचता यायला लागला, १९९८ मध्ये एपीजी नावाचं वर्गीकरण आलं आणि हायपॉक्सिडेसी वेगळं कुळ म्हणून पक्कं झालं. छोटं घर आहे, दीडशेच्या आसपास स्पिशीज, आणि त्यातल्या बऱ्याच दक्षिण आफ्रिकेत.

कुळाच्या वरची पायरी म्हणजे गण. आपल्या भाषेत कुळ म्हणजे घर आणि गण म्हणजे भावकी. काळ्या मुसळीची भावकी ॲस्परॅगेल्स. या भावकीत कोण कोण आहे बघा: कांदा-लसूण, शतावरी, घायपात, कोरफड, ती पांढरी मुसळी पण, आणि सगळ्या आमऱ्या. म्हणजे गेर्टनरनं दिसण्यावरनं 'आमरीसारखी' म्हटलं आणि दोनशे वर्षांनी डीएनएनं सांगितलं की नातं आहे, लांबचं का होईना. आणि दोन्ही मुसळ्या एका घरच्या नाहीत पण एका भावकीतल्या निघाल्या. याला योगायोगच म्हणायचं, पण असा योगायोग बघितला की वर्गीकरण रटाळ आहे असं म्हणायची हिंमत होत नाही.

तुम्ही करायचं एवढंच, नाव लिहिताना लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत टाकून बघा, सध्या मान्य नाव कुठलं आणि कुळ कुठलं ते तिथं मिळतं. एखाद्या ग्रुपवर कुणी ठोकून सांगितलं म्हणून वहीत उतरवू नका, मी पण सांगितलं तरी.

गाव शोधायची पद्धत

आता दुसरा भाग, ही कुठं कुठं आहे. जगाच्या नकाशावर काळी मुसळी पसरलेली आहे भारतभर, तिथनं आग्नेय आशिया, चीन, जपान आणि न्यू गिनीपर्यंत. म्हणजे ही काही सह्याद्रीची एकटीची नव्हे. हिच्या शेजारी कोकणातली दीपकाडी ठेवून बघा, डिपकाडी कोंकनेन्स, ती कोकणपट्टीतल्या जांभ्याच्या सड्यांची. एकीचा नकाशा अर्ध्या आशियाएवढा, दुसरीचा हाताच्या तळव्यात मावेल. सड्यावरच्या एका खाणीनं दीपकाडीची जितकी वाट लागेल तितकी मुसळीची नाही लागणार. पण म्हणून मुसळी सुरक्षित असंही नाही, कारण नकाशावर रंग भरलेला असला तरी आत प्रत्येक रानात ती असेलच असं नसतंय, आणि खणणारे एकेक रान करत जातात.

आपला कोल्हापूर जिल्हा या अभ्यासाला नशीबवान आहे. बारा तालुके, आणि पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला शिरोळात जेमतेम पाचशे-सहाशे, मधलं अंतर शंभर किलोमीटर पण नाही. एका सुट्टीत तुम्ही दोन वेगळी हवामानं बघू शकता. म्हणून मी सांगतो की नुसतं पन्हाळ्यावर थांबू नका, एक रेघ ओढा. गगनबावडा, मग पन्हाळा-जोतिबा, मग करवीरमधली एखादी टेकडी, मग हातकणंगल्याकडचा डोंगर. प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ, समजा एक तास, झाडीत शोधा आणि लिहा.

आणि इथं सगळ्यात महत्त्वाचं, जिथं सापडली नाही तेही लिहा. नकाशावरचा ठिपका म्हणजे 'इथं कुणीतरी जाऊन बघितलं', आणि रिकामी जागा म्हणजे 'इथं नाही' असं मुळीच नाही, बहुतेक वेळा 'इथं कोण गेलंच नाही'. ठिपके बघा, सगळे रस्त्याच्या कडेला, गडावर आणि कॉलेजच्या आसपास असतात. झाडं काय एसटी स्टँड बघून उगवत नाहीत.

माझ्या वहीतल्या नोंदीचा नमुना देतो: तारीख, तालुका, जवळचं गाव, अंदाजे उंची, माती तांबडी का काळी, वर कुठली झाडं, सावली किती, दहा पावलांत किती झाडं, त्यातली फुलावर किती, शेजारी अजून काय, आणि जनावरं चरतात का. फोटो चार: पूर्ण झाड, पानाची पाठ, समोरनं फूल, आणि बुडखा. फोटोत पट्टी ठेवायची. फक्त फुलाचा क्लोजअप काढून 'ओळखा पाहू' म्हणून टाकणाऱ्यांना माझा रामराम.

नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, पण एक काळजी घ्या. आयनॅचरलिस्टवर जागा झाकायची सोय आहे, ती चालू केली की लोकांना नेमका पिन दिसत नाही, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी एवढंच दिसतं. कंदासाठी खणली जाणारी झाडं अशीच टाकायची. आपण कौतुकानं लोकेशन द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात तिथं कुदळ पोचायची, हे नको.

शंका राहिलीच तर शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आपल्याच गावात आहे. त्यांच्याकडं हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचा संग्रह, आणि जिल्ह्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ विद्यापीठानंच २००२ मध्ये काढलाय. आधी वेळ विचारून जावा, आपली वही आणि चारही फोटो घेऊन जावा. 'सर एक पिवळं फूल होतं' असं म्हणत गेलात तर त्यांनी तरी काय करायचं.

जून-जुलैत ज्या जागा नोंदवल्या त्यांतल्या एका-दोन ठिकाणी सप्टेंबरमध्ये, गणपती झाल्यावर, परत एक चक्कर मारा. फूल नसेल, पानं जरा पिवळी पडायला लागली असतील. तेव्हा एका झाडाच्या बुडख्याशी माती सरकवली तर फळ मिळेल, त्यातलं एक काळं बी तळहातावर घेऊन भिंगाखाली धरा, चोच आणि खाचा दोन्ही दिसल्या की वहीतल्या नोंदीपुढं 'बी बघितलं' असं लिहा, आणि बी होतं तिथंच परत मातीत दाबून या.